जड वस्तू आधी पोचते

३ एप्रिल, सकाळी ६.१०
आजपासून पुस्तक. विषय: वस्तू कशा घरंगळतात. वयोगट आठ ते बारा. पानं चौसष्ट. रोज चार पानं, म्हणजे सोळा दिवसांत काम हातावेगळं. प्रकाशकाचा होकार आहेच. तो फोनवर आणा, बघू, एवढंच म्हणाला, पण आवाजातली उत्सुकता लपत नव्हती.

एकतीस वर्षं सायन्स शिकवलं. निरोप समारंभात मुख्याध्यापिका माझ्यावर चार मिनिटं बोलल्या, त्यातली दीड मिनिटं माइक दुरुस्त होत होता. त्यांना पहिली प्रत पाठवीन. सही करून.

दुसरी आनंदाची गोष्ट. मुलीला रविवारची ड्यूटी लागली आहे. नातीला दर रविवारी दहा ते एक आमच्याकडे सोडणार. दोन वर्षं तिने इथे पाऊल टाकलं नव्हतं. कारण अगदी क्षुल्लक. नातीच्या चित्रात झाडाची सावली सूर्याच्याच बाजूला पडली होती, मी लाल पेनने काट मारली. शास्त्र म्हणजे शास्त्र. पण मुलगी पोरीला उचलून तरातरा निघून गेली.

आता येणार ती अट घालून. हिच्याकरवी निरोप दिला आहे (ही म्हणजे बायको). शिकवा, लाड करा, काय ते करा, पण तिला चारचौघांत खोटं पाडायचं नाही. एकदा जरी झालं तरी पुन्हा आणणार नाही. मी हसलो. मी कधी कुणाला खोटं पाडतो?

मुलगी आठवीत माझ्याच वर्गात होती. एकदा प्रयोगाच्या तासाला उगाच वाद घातला म्हणून मी तिला बाकावर उभं केलं. घरचं-बाहेरचं असा भेदभाव मी केला नाही, याचं कौतुक व्हायला हवं होतं. ती ते अजून धरून बसली आहे. एवढी स्मरणशक्ती अभ्यासात वापरली असती तर बरं झालं असतं. पुढे कॉमर्सला गेली. सायन्स झेपलं नाही बिचारीला.

४ एप्रिल, सकाळी ७
मुखपृष्ठाचं पान लिहून झालं. अर्पणपत्रिका झाली. लेखकाचा परिचय झाला (सव्वादोन पानं, नंतर कमी करू). मूळ मजकुराला हात घालणार तोच हिला टेबल पुसायचं होतं. या घरात लेखन कसं होणार?

६ एप्रिल, दुपारी ४
सुताराने फळी आणून दिली. सहा फूट लांब, दोन्ही कडांना पट्ट्या, म्हणजे वस्तू बाजूला पडणार नाहीत. वरच्या टोकाला उचलता येणारी आडवी पट्टी. तिला मी गेट म्हणतो. गेटमागे दोन वस्तू ठेवायच्या, गेट उचललं की दोन्ही एकदम सुटतात. खाली लाकडाचा अडसर, त्यावर आपटली की ठक्क. सगळं डिझाइन माझं. सुतार म्हणाला की असल्या फळीला डिझाइन कशाला लागतं. त्याला मुद्दामच चहा दिला नाही.

आज प्रत्यक्ष लेखन. पान पहिलं: बालमित्रांनो, घसरणं वेगळं आणि घरंगळणं वेगळं. पेटी ढकलली की घसरते, तिची तीच बाजू जमिनीला घासत राहते. चेंडू घरंगळतो. तो पुढेही जातो आणि स्वतःभोवतीही फिरतो. आणि गंमत बघा, त्याचा जो ठिपका जमिनीला टेकलेला असतो, तो त्या क्षणी चक्क थांबलेला असतो! बाकीचा चेंडू त्याच्यावरून पुढे जातो.

हे हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली की घरात सकाळी सातपासून टेबलाला टेकून थांबलेला ठिपका कोण आहे ते तिला माहीत आहे. विषय समजला नाही की माणसं विनोद करतात.

९ एप्रिल, रविवार, दुपारी १.३०
नात आली. वय आठ. एका जागी बसणं नाही, इकडून तिकडे सुळकन, म्हणून मी तिला खारूताई म्हणतो. मुलगी दारातूनच गेली. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. चांगली सुरुवात.

खारूताईला माझा प्रसिद्ध प्रयोग दाखवला. एकतीस वर्षांत एकदाही न चुकलेला. एक लोखंडी गोळा, दोन किलोचा (प्रयोगशाळेतला, माझ्याबरोबरच निवृत्त झाला, कुणाला सांगायचं कारण नाही). दुसरा प्लास्टिकचा चेंडू. दोन्ही साधारण एकाच मापाचे. गेट उचललं. लोखंडी गोळा आधी, ठक्क! चेंडू मागाहून, टप्प. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. म्हणून नियम: जड वस्तू आधी पोचते. पुस्तकाचा कणाच तो.

पोरीने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली की चेंडू आतून रिकामा आहे म्हणून तर हरला नसेल? मी तिला बिस्किट दिलं.

१० एप्रिल
प्रकरण पहिलं पूर्ण. हिला वाचून दाखवलं. डोळे मिटून इतकी तल्लीन झाली की शेवटी हलवावं लागलं.

१२ एप्रिल, सकाळी ११
प्रकाशकाचा फोन. हस्तलिखित छापण्याआधी मुलांवर करून बघतात म्हणे. ३० तारखेला, रविवारी, ग्रंथालयाच्या बालविभागात दहा-बारा मुलं जमवणार. मी वाचायचं, प्रयोग करायचे, तो कोपऱ्यात बसून बघणार. दुसऱ्या लेखकाला हे अपमानास्पद वाटलं असतं. मी लगेच हो म्हटलं.

संकल्प: रोज पहाटे फिरणे. आवाज चढवायचा नाही. चहा दोनच वेळा.

१६ एप्रिल, रविवार, दुपारी २
आज थोडी गडबड. नोंद करतो, कारण शास्त्रज्ञाने सगळं नोंदवावं.

खारूताई येताना खिशात गोटी घेऊन आली. काचेची, बोराएवढी. म्हणाली की आजोबा, ही आतून भरलेली आहे, हिला आणि गोळ्याला सोडू. मी म्हटलं सोडू की, बिचारी गोटी. गेट उचललं.

ठक्क.

एकच आवाज आला. मला वाटलं गोटी अडकली. नाही, खाली पोचलेली. पुन्हा केलं. ठक्क. दहा वेळा केलं, दहाही वेळा दोघांचा मिळून एकच ठक्क. दोन किलोचा गोळा आणि चिमूटभर गोटी! पोरगी नाचायला लागली. म्हणाली की आजोबा, वजनाचा काही संबंधच नाही.

मी तिला शांतपणे समजावलं की फळी नवीन आहे, लाकूड अजून बसलेलं नाही.

दीडला सुताराला बोलावलं. त्याने लेव्हल लावून बघितली, फळीखाली वाकून बघितलं, फळी अगदी सरळ आहे म्हणाला. मग माझ्याकडेही तसंच वाकून बघितलं. असल्या लोकांच्या नादी लागायचं नाही.

१८ एप्रिल
कारण सापडलं. दोष गेटचा. यांत्रिक वस्तूला अक्कल नसते. गेट काढून टाकलं. आता गोळा उजव्या हाताने, गोटी डाव्या हाताने सोडतो. अनुभवी हात तो. दहापैकी नऊ वेळा गोळा आधी पोचला! डावा हात जरा सावकाश उघडतो ही गोष्ट खरी, पण ते वयानुसार.

२० एप्रिल
फिरणं नाही. गुडघा. चहा चार वेळा. गुडघ्यासाठीच.

२३ एप्रिल, रविवार, दुपारी १.४५
पोरीचं डोकं कुणीतरी फिरवतंय. आज लोखंडी कडं घेऊन आली. सायकलच्या दुकानदाराने भंगारातलं दिलं म्हणे. चांगलं किलोभर वजनाचं, मध्ये मोठं भोक. म्हणाली की आजोबा, कडं आणि गोटी. गेट मात्र परत लावा.

गेट लावलं. मला भीती कसली?

गोटी आधी पोचली. कडं रेंगाळत मागाहून आलं. किलोभराचं कडं! चार वेळा केलं. पाचव्यांदा मी नको म्हटलं.

मग तिने मला शिकवायला सुरुवात केली. मला. बागेतल्या मेरी-गो-राउंडवर सगळी पोरं काठाला बसली की ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि सगळी मध्ये दाटीवाटीने बसली की तेच चक्र भर्रकन फिरतं. पोरं तीच, वजन तेवढंच. तसंच या कड्याचं. त्याचं सगळं वजन काठावर बसलंय, म्हणून उताराची निम्मी ताकद त्याला नुसतं फिरवण्यातच जाते, पुढे पळायला कमी उरते. रिकामा चेंडूही तसाच, सगळं वजन सालीत. गोटीचं वजन आतपर्यंत पसरलेलं, ती झटकन फिरते. गोळाही तसाच भरलेला, म्हणून गोळा आणि गोटी बरोबर. वजन किती ते नाही आजोबा, वजन कुठे बसलंय ते बघायचं. असं सगळं, फळीवर मांडी ठोकून, बिस्किट खात.

मी म्हटलं हे सिलॅबसमध्ये नाही. आवाज चढवला नाही, फक्त जरा मोठा झाला. पोरीने बिस्किट बशीत परत ठेवलं. मग एकपर्यंत चित्र काढत बसली. झाडाची सावली कुठे काढायची ते दोनदा विचारलं.

मुलगी न्यायला आली तेव्हा तिने पोरीच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. काय झालं विचारलं. मी म्हटलं काही नाही, मजा केली.

ती गेल्यावर ही माझ्यावर उखडली. म्हणाली की पोरीचं बरोबर आहे हे स्वयंपाकघरातून मलासुद्धा दिसलं, एकदा हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं. मी म्हटलं एकतीस वर्षांच्या अठ्ठावीस तुकड्यांना आता घरोघर जाऊन हो म्हणून सांगू का? ही म्हणाली की अठ्ठावीस तुकड्या राहू देत, एकीला सांगितलं तरी पुरे. कुणाबद्दल बोलत होती मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

२४ एप्रिल, सकाळी ९
खात्री करून घेण्यासाठी माळ्यावरून कॉलेजचं जुनं पुस्तक काढलं. पान २१२. वस्तू उतारावरून घरंगळताना समीकरणातलं वस्तुमान दोन्हीकडून कटून जातं, उरतच नाही, असं छापलंय. खाली माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय: महत्त्वाचे.

छपाईची चूक असावी. जुनी आवृत्ती आहे.

दुपारी ३
तळटीप द्यावी का? "काही वेळा हलकी वस्तूही बरोबर पोचते." लिहिली. खोडली. तळटिपेने कणा मोडतो.

२६ एप्रिल
युक्ती सुचली. ग्रंथालयात खारूताईला पहिल्या रांगेत माझी सहायक म्हणून बसवणार. बिल्ला तयार केला, त्यावर सहायक असं लिहिलं. मान दिला की माणूस वाद घालत नाही.

मुलीने आधी नाही म्हटलं. मग पोरीनेच हट्ट धरला म्हणे, आजोबांचं पुस्तक होणार, मला जायचंय. मुलगी त्या दिवशी रजा काढून स्वतः येणार आहे. बापाचं यश बघायला शेवटी येतातच.

२८ एप्रिल
भाषणाचा सराव. आरशासमोर उत्तम झालं. डाव्या हाताचाही सराव केला.

३० एप्रिल, रविवार, दुपारी ३.१५
जे झालं ते तटस्थपणे लिहितो.

मुलं अकरा. गालिचावर बसलेली. प्रकाशक खिडकीपाशी, चहाचा कप घेऊन. मुलगी मागे दाराजवळ उभी. खारूताई पुढे, बिल्ला लावून, ताठ बसलेली. मी वाचन सुरू केलं. चौथ्या पानापर्यंत मुलं पूर्ण शांत होती (एक झोपलं होतं).

मग प्रयोग. गोळा आणि चेंडू: उत्तम. मुलं खूश. तिथेच थांबायला हवं होतं असं ही म्हणते. पण विरोधकांचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून मी गोळा आणि गोटी घेतली. हाताने सोडली. गोळा आधी. मी मुलांकडून म्हणवून घेतलं, जड वस्तू, आधी पोचते! अकरा मुलं एका सुरात.

तेवढ्यात खारूताई अगदी हळू, माझ्या कानाशी येऊन म्हणाली की आजोबा, तुमची गोटी उशिरा सुटली, गेट लावू का? हळूच म्हणाली, हे मान्य. पण माइक माझ्या कॉलरला होता.

सगळी पोरं हसली. एक जण ओरडला, चीटिंग! प्रकाशकाने कप खाली ठेवला.

मी म्हटलं की ही मुलगी खोटं बोलते आहे. म्हणजे, असं म्हणायचं नव्हतं. पण सभा हाताबाहेर चालली होती, शिस्त लावणं भाग होतं. तिला भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. दोनच मिनिटं. ती गेली आणि उभी राहिली. बिल्ला काढून आधी माझ्या टेबलावर ठेवला. रडली वगैरे नाही.

मी पाचव्या पानापासून पुढे वाचू लागलो. दोन ओळीसुद्धा झाल्या नसतील, मुलगी मागून चालत आली. गालिचावरच्या मुलांमधून, कुणाला पाय न लागू देता. पोरीचा हात धरला आणि गेली. मला एक शब्द बोलली नाही. निदान काही बोलायला हवं होतं, मला उत्तर तरी देता आलं असतं.

प्रकाशक कळवतो म्हणाला.

१ मे
ग्रंथालयाचा गालिचा उंचसखल होता, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

३ मे
प्रकाशकाने कळवलं. पुस्तक सध्या नको. घरंगळण्यावर कुणीतरी दुसरं लिहितंय, कल्पना मुलांना आवडली म्हणे. माझी कल्पना! ही म्हणाली की ते जाऊ दे, मुलीला फोन करा. मी म्हटलं आधी तिने करायला हवा.  हिने रात्री ताट आपटून वाढलं.

७ मे, रविवार
सकाळी १०: फळी मांडून ठेवली. बिस्किटं काढून ठेवली.
१०.३०: रहदारी असेल.
११: रहदारी.
१२.१५: हिने बिस्किटं डब्यात परत भरली. 

१० मे, सकाळी ८
कुणी बघत नव्हतं. ही बाजारात गेली होती. गेट लावलं. गोळा आणि गोटी. वीस वेळा.

वीसही वेळा ठक्क. एकच.

वीस म्हणजे पुरेसे. मी मुलांना दहाच करायला सांगायचो.

नियमाचं पान, सातवं, फाडलं. नवीन लिहिलं: बालमित्रांनो, वजन किती हे विचारू नका, ते कुठे बसलंय हे विचारा. मेरी-गो-राउंडचं उदाहरण दिलं. कंसात लिहिलं, हे उदाहरण माझ्या नातीचं. छापणार कोण हा प्रश्न नाही. सकाळपासून एवढं एकच पान लिहिलं आणि ते बरं झालंय.

संकल्प: आज मुलीला फोन करणे.

सायंकाळी ६
रेंज नव्हती.

११ मे
गुडघा.

१२ मे
आज नंबर लावला. एक रिंग झाली. मग काय बोलायचं ते नीट ठरवून करावा असं वाटलं.

१४ मे, रविवार, दुपारी १२.४०
हिने स्वतःच फोन लावला, मुलीशी काहीतरी बोलली आणि फोन माझ्या कानाला लावून धरला. मी खुर्चीतून उठणार होतो, हिने खांदा दाबून बसवलं.

पलीकडे खारूताई होती. मी बोलायच्या आत तीच बोलली, एका दमात. आजोबा, जड वस्तू आधी पोचते. मी पाठ केलंय. आता येऊ का?

मी म्हटलं, नाही गं, तुझं बरोबर होतं. दोन्ही बरोबर पोचतात. मी वीस वेळा करून बघितलं.

 तिने हळूच विचारलं की ही परीक्षा आहे का? मी म्हटलं नाही, खरंच सांगतो, माझं चुकलं होतं, एकतीस वर्षं चुकलं होतं.   मग ती अगदी ठामपणे, शाळेत उत्तर देतात तशी म्हणाली, नाही आजोबा, जडच आधी पोचते. तुम्ही कितीही फसवलंत तरी मी आता चुकणार नाही.

तीन वेळा सांगितलं. मेरी-गो-राउंडचं सांगितलं, तिचंच तिला. तीनही वेळा तिने तेच उत्तर दिलं, दर वेळी जास्त भराभर.

मग मुलीने फोन घेतला. म्हणाली की हे मी तिला सांगितलेलं नाही, तिचं तिनेच ठरवलंय, तुम्हाला आवडतं म्हणून. पुढच्या रविवारी दहाला आणून सोडते. आता ती वाद घालणार नाही.